बायडाक्का, औषध मीच मारलं होतं

अक्का,

तुझ्या सुनेचा, मंगलचा फोन आला तेव्हा मी भाकरी थापत होते. "काकी, आत्ती गेल्या," एवढंच ती म्हणाली आणि मग आम्ही दोघी नुसत्या फोन धरून उभ्या राहिलो. तव्यावरची भाकरी करपून गेली. मी विचारलं, "कशा गेल्या गं?" तर म्हणाली, "सकाळी च्या पिल्या. म्हनल्या, जरा पडते. मी कोकरं सोडून आले तवर संपलं हुतं."

तुला खरं सांगते, मला लगेच रडू आलं नाही. हायसं वाटलं. भिंतीला टेकून खाली बसले आणि तोंडातून निघालं, सुटली बाई. वर्षभर तुझा दम कसा लागत होता ते मी बघितलं होतं. सांगलीच्या दवाखान्यात तू नाकातल्या नळ्या ओढून काढायचीस आणि नर्सला म्हणायचीस, "मला माज्या रानात न्यून सोड, थितं वारं लय हाय." तुला वारं मिळालं. आपल्या घरात, आपल्या बाजेवर, पोटात चहा घेऊन गेलीस. आणि मला हायसं वाटायचं दुसरं कारण तुलाही माहीत आहे. आपल्या दोघींत जे अडकून बसलं होतं ते या श्रावणात सुटलं. तसं झालं नसतं आणि हा फोन आला असता तर माझं काय झालं असतं कुणास ठाऊक.

आपली पहिली गाठ आठवते? माझं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती. मालक सैन्यात, सासू अंथरुणाला खिळलेली. आमचा ऊस नुकताच कारखान्याला गेला होता आणि रान मोकळं पडलं होतं. तू वाटेवरून शंभरावर मेंढरं घेऊन आलीस. बरोबर दोन घोडी, त्यांच्या पाठीवर बिऱ्हाड, बिऱ्हाडावर दोन कोंबड्या आणि तुझी लेक. बांधावर थांबून तू हाक मारलीस, "शेत कुनाचं?"

मी म्हटलं, "मालक सैन्यात हाईत."

"आवं, शेत कुनाचं इचारलं म्या. मालक कुठं हाय ते न्हाई इचारलं."

त्या दिवसापर्यंत ते शेत माझं आहे असं मला कुणी म्हटलं नव्हतं. मी हळूच म्हटलं, "माजंच की." तू हसलीस आणि मेंढरं आत घातलीस.

त्या आठवड्यात तू मला जे शिकवलंस ते दुसऱ्या कुणी शिकवलं नाही. रोज वाघर उपटायची, म्हणजे मेंढरं कोंडायचं ते जाळीचं कुंपण, आणि चार पावलं पुढं ठोकायची. असं करत सगळ्या रानात मेंढरं बसवायची, म्हणजे लेंडी आणि मूत सगळीकडं सारखं पडतं. मी उसाचा पाला पेटवायला काडेपेटी घेऊन निघाले होते, तू हातातली पेटी काढून घेतलीस. "जमिनीच्या अंगावरचं कापड जाळतंय व्हय कुनी?" पुढच्या वर्षी त्या रानात ऊस असा आला की शेजारचे बांधावर उभे राहून बघून जायचे.

मेंढरं बसवायच्या बदल्यात आम्ही तुला धान्य द्यायचो. ते मी दुकानातून आणलेलं असायचं. तू पोत्यात हात घालून चार दाणे तोंडात टाकलेस आणि थुंकलीस. "वैनी, ही ज्वारी कुठली? एवढी काळी जमीन, पाट वाहतोय, आन् तुमी ज्वारी इकत आनता? खाता तरी काय तुमी?"

"ऊस कारखान्याला जातो, मग आणतो आम्ही सगळं."

"आन् कवा वाट बंद झाली म्हंजे? ऊस चावून निजायचं?"

तिथून आपलं भांडण सुरू झालं, ते कधी संपलंच नाही. दुसऱ्या वर्षी तू फडक्यात बांधून तुमच्याकडचं ज्वारीचं बी आणलंस. मी घराजवळ दोन गुंठ्यांत पेरलं. पाखरांनी एक कणीस शिल्लक ठेवलं नाही. तू आलीस तेव्हा मी तुला मोकळी कणसं दाखवून म्हटलं, "बघ तुजी ज्वारी." तू म्हणालीस, "दोन गुंठं पेरल्यावर आनि काय हुनार? पाखरांचं धरून पेरायचं आसतंय." मला राग आला होता. सगळा गाव ऊस लावत असताना मी एकटीनं ज्वारी पेरली तर सगळ्या गावाची पाखरं माझ्याच रानात येणार, हे तुला कळत नव्हतं की मुद्दाम बोलत होतीस? मी ते विचारलं नाही. आजही वाटतं, त्यात थोडं माझंही खरं होतं.

मग ते वर्ष आलं.

आमच्याकडं तण भांगलायला बायका मिळेनाशा झाल्या होत्या. बांध आणि पाटाची कड हराळीनं भरून गेली होती. मी पलूसच्या दुकानातून गवत जाळायचं औषध आणलं आणि पाठीवर पंप अडकवून स्वतः मारलं. डब्यावर लिहिलं होतं, इतके दिवस जनावरं सोडू नका. मी ते वाचलं होतं, अक्का. बारावीपर्यंत शिकलेली बाई मी. तू यायला अजून आठवडा होता, म्हणून निर्धास्त होते.

पण तुझ्या वाटेवरचं तळं आटलं होतं, तू चार दिवस आधीच आलीस. त्या दिवशी माझ्या लेकीला बघायला पाहुणे आले होते. मी स्वयंपाकघरात पोहे परतत होते. खिडकीतून मेंढरं आत शिरताना दिसली. बाहेर धावत जायला हवं होतं. पण बाहेरच्या खोलीत पाहुणे बसलेले, मुलाची आई आत येऊन माझ्याशी काहीतरी बोलत होती. मी मनात म्हटलं, एवढा चहा देते आणि जाते. चहा झाला, मग पोहे, मग लेकीला प्रश्न. मी गेले तोवर मेंढरांनी सगळी कड साफ केली होती. तू पायरीवर बसून पाणी पीत होतीस. म्हणालीस, "वैनी, हराळी लय ग्वाड दिसतीया तुमची." आणि मी गप्प बसले. वाटलं, काही होणारही नाही कदाचित.

दुसऱ्या दिवशी दुपारपासून मेंढरं पडायला लागली. तोंडाला फेस, पाय ताठ. पलूसहून जनावरांचे डॉक्टर आले. त्यांनी विचारलं, "कुठं चारली? कुणी काही फवारलंय का इथं?" तू माझ्याकडं बघितलंस. मी मान खाली घालून म्हटलं, "न्हाई. आमी काय मारलं न्हाई."

थोडं थांबून तू डॉक्टरांना म्हणालीस, "वाटंत तासगावकडं द्राक्षाच्या बागा लागल्या. थितलं कायतरी खाल्लं आसंल."

अकरा मेंढरं गेली. माझ्याच रानाच्या कोपऱ्यात खड्डा काढून पुरली. तुझी लेक एका मेंढीचं तोंड पदरानं पुसत बसली होती, ते मी अजून विसरले नाही. सकाळी तू बिऱ्हाड घोडीवर चढवलंस आणि माझ्याकडं न बघता निघालीस. लेकीचं लग्न ठरलं. घरात पेढे वाटले. मला एकही गोड लागला नाही.

पाच वर्षं तू आली नाहीस.

त्या पाच वर्षांत मालक रिटायर होऊन घरी आले. ते शिस्तीचे, कागदावर लिहून खतं टाकायचे. ऊस बारीक झाला की एक पोतं जास्त. पाणी दिलं की रानात तसंच उभं राहायचं, आणि ऊन पडलं की वर पांढरा थर. माती तपासायला नेली तर तिथला साहेब म्हणाला, "मावशी, ह्या मातीत आता काही राहिलं न्हाई. शेणखत, लेंडीखत काय घालता का?" मालक म्हणाले, "पूर्वी मेंढरं बसायची. आता ती बाई येत न्हाई." मग माझ्याकडं वळून विचारलं, "का गं येत न्हाई?" मी म्हटलं, "मला काय ठाव."

मग नदी आली. तो महापूर तुलाही आठवतो. ऊस पाण्याखाली गेला, दुकानं पाण्याखाली गेली, आम्ही उंचावरच्या शाळेत. चारी बाजूंनी उसानं भरलेलं गाव, आणि तिसऱ्या दिवशी पोरांना द्यायला पीठ नव्हतं. चौथ्या दिवशी वरच्या रस्त्यानं पूर्वेकडचे टेम्पो आले. ज्या गावांना चार पावसांत एक बरा पडतो त्या गावांनी घराघरातून भाकऱ्या गोळा करून पाठवल्या होत्या. एका टेम्पोतून तू उतरलीस. डोक्यावर भाकऱ्यांचं गाठोडं. मला शोधत आलीस आणि चार भाकऱ्या आणि हुलग्याच्या पिठाचं पातळ माडगं भरलेली किटली माझ्या पुढ्यात ठेवलीस.

मी म्हटलं, "अक्का, मला तुला काय तरी सांगायचं..."

"आदी खावा. हुलगं गार झालं म्हंजे गिळवत न्हाई."

मी खाल्लं. भूक इतकी होती की रडता रडता खाल्लं. वर बघितलं तोवर टेम्पो निघून गेला होता.

पाणी ओसरलं, ऊस कुजला, रानात गाळ बसला. दसऱ्याच्या सुमाराला मी एसटी बदलत बदलत तुझ्या गावी आले. तू मला बाजेवर बसवलंस आणि स्वतः खाली बसलीस. मला तेव्हाच लक्षात आलं की इतक्या वर्षांत तू आमच्या घरी कधी पायरीच्या वर आली नव्हतीस आणि मीही कधी ये म्हटलं नव्हतं. मी म्हटलं, मेंढरं घेऊन ये. खरं सांगायचं धाडस त्या दिवशीही झालं नाही.

तू बराच वेळ तंबाखू मळत राहिलीस. मग म्हणालीस, "येतो. पर एक करा. जो कोन औषध मारंल त्यानं बांधावर काठी रवायची आन् लाल चिंधी बांधायची. धा दिस. आमाला लिवल्यालं वाचता येत न्हाई. चिंधी दिसती."

मी हातातला कप बशीत ठेवला. हिला माहीत आहे की काय? तुझ्या तोंडावरून काही कळेना.

मी ग्रामसभेत उभी राहिले. पहिल्यांदाच. चिंधीचं सांगितलं. एकजण म्हणाला, "परगावच्या मेंढरांसाठी आमी चिंध्या बांधायच्या व्हय?" तेवढ्यात मागून एक म्हातारी उठली. तिला एक गुंठा रान नाही, दुसऱ्यांच्या बांधावर चार शेळ्या चारून पोट भरते. ती म्हणाली, "मेंढरांचं ऱ्हाऊ दे बाबा. माजी दोन शेरडं मेली गेल्या साली, आन् मी कुनाला इचारू? चिंधी बांधली तर तुमचं काय जातंय?" ठराव झाला. जोडीला पाटाच्या कडेनं मेंढरांना यायची वाटही सोडायची ठरली.

त्या दिवाळीनंतर तू आलीस. तिथून पुढं दर वर्षी आलीस. मंगल लग्न होऊन तुझ्या घरात आली तशी तीही बरोबर यायला लागली. तिसऱ्या वर्षी मी रानात कुदळ मारली तर गांडुळं निघाली. मालकांनी एक हातात घेतलं आणि सैन्यातलं मेडल दाखवावं तसं मला दाखवलं. उसाला खत निम्म्यावर आलं. अर्धा एकर ज्वारी मी पेरतेच, आणि शेजारच्या दोघींनीही पेरायला घेतली म्हणून पाखरं वाटून खातात. ते तू बघितलंस. "आता पाखरांचं धरलंय," म्हणालीस, आणि मी म्हटलं, "मी एकटी न्हाई म्हनून धरता आलं." त्यावर तू काही बोलली नाहीस. मी ती माझी जीत समजते, अक्का. आता तुला उलटून बोलता यायचं नाही.

या श्रावणात तू अंथरुणावर आहेस कळलं म्हणून मी आले. मंगल पाण्याला गेली होती. मी तुझे पाय चेपत होते. आणि कसं कुणास ठाऊक, बोलून गेले. "अक्का, ते औषध मीच मारलं हुतं."

तू डोळे उघडले नाहीस. म्हणालीस, "मला ठावं हुतं."

"कवापासनं?"

"तवाच. तुजा फवारायचा पंप परसात उलटा वाळत घातल्याला. मी पानी प्यायला आले तवा बघितला. पर तवर मेंढरांनी खाल्लं हुतं."

त्या दिवशी पहिल्यांदा तू मला तुमी म्हणायचं सोडलंस. तीस वर्षं मी तुला तू म्हणत होते आणि तू, वयानं मोठी असून, मला तुमी.

"मग डाक्टरला का सांगितलं न्हाईस?"

"त्यानं लिवलं आसतं. मग भांडान. गाव तुज्याकडनं उभं ऱ्हायलं आसतं, आन् आमची वाट कायमची बंद. माज्या एकटीची न्हाई, समद्या मेंढक्यांच्या वाड्यांची."

"राग न्हाई आला?"

"लय आला. पाच वर्सं आले न्हाई ते काय हौस म्हनून व्हय?"

"आन् पुरात भाकरी?"

तू तेव्हा डोळे उघडून माझ्याकडं बघितलंस. "ती भुकेला दिली. तुला न्हाई."

मी रडायला लागले आणि तू हसायला. हसता हसता तुला असा दम लागला की मी घाबरून मंगलला हाका मारल्या. श्वास जागेवर आल्यावर तू माझा हात धरून म्हणालीस, "माजं एक खुपतंय. मी त्या द्राक्षवाल्यांचं नाव घेतलं. त्येंनी काय बी केलं न्हवतं. तेवढं तू गावात सांग."

मला वाटलं होतं तू मला माफ करशील किंवा नाही करशील. तू तर मला काम लावलंस.

घरी येऊन मी आधी मालकांना सांगितलं. त्यांनी हातातल्या पेपरची घडी घातली. मग म्हणाले, "मला वाटलंच हुतं." आमच्या घरात सगळ्यांनाच वाटत होतं आणि कुणीच बोलत नव्हतं. पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत मी उठले आणि सांगितलं, ती अकरा मेंढरं माझ्या बांधावर मेली, औषध मी मारलं होतं, डॉक्टरांशी खोटं मी बोलले. तासगावकडच्या बागांचा त्यात काही संबंध नव्हता. बाहेर पडताना ती शेळ्यावाली म्हातारी माझ्याजवळ आली आणि माझ्या दंडाला हात लावून गेली.

संध्याकाळी फोन केला. मंगलनं तुझ्या कानाला लावला.

"सांगितलं?"

"सांगितलं."

"बरं झालं. मोकळं झालं."

तेच आपलं शेवटचं बोलणं. मी तुला क्षमा कर असं म्हणालेच नाही, हे नंतर लक्षात आलं. आणि तुझी अकरा मेंढरं गेल्यावर ते वर्ष तू कसं काढलंस, हेही कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

दहाव्याला आम्ही दोघंही आलो होतो. घाटावरनं परत आल्यावर मंगल माझ्याजवळ येऊन बसली. मला भीती होती की ती म्हणेल, मेंढरं विकतो आता, ह्यांना पुण्यात काम बघितलंय. मी काही विचारायच्या आधीच ती म्हणाली, "काकी, दिवाळी झाली की आमी निघनार. तुमचं रान धरू का?"

"धर की. ह्यात काय इचारायचं?"

"इचारायचं हाय. तुमचं आन् आत्तींचं तोंडावर चाललं. माजं तोंडावर चालायचं न्हाई. मला कागूद पायजे."

"कसला गं?"

"मेंढरं किती दिस बसनार, धान्य किती, हिरीचं पानी मिळनार का न्हाई, औषध मारून चिंधी न्हाई बांधली आन् जनावर मेलं तर भरून कोन देनार. तुमच्याकडनं सही, ग्रामपंचायतीचा शिक्का. आन् कागूद माज्या नावानं. ह्यांच्या न्हाई."

मला आधी लागलं, अक्का. तुझी चिता थंड होऊन दहा दिवस झालेत आणि ही मला कागद मागते. म्हणून गेले, "तुज्या सासूनं आसलं कदी मागितलं न्हाई."

ती शांतपणे म्हणाली, "व्हय. म्हनूनच आत्तींची अकरा गेली."

मालक बाजूला बसले होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं. आणि मग छातीवरचं कायतरी उतरत गेलं. हिला माझा पुळका नको होता, माझी लाजही नको होती. उद्या मी नसले, रान माझ्या जावयाच्या हातात गेलं, तरी हिची मेंढरं त्या वाटेनं येणार. आपलं सगळं तुझ्या गप्प बसण्यावर उभं होतं. आता कुणाला तसं गप्प बसावं लागणार नाही.

मालकांनी खिशातलं पेन काढून माझ्या हातात दिलं. तुझ्या नातवाच्या वहीतलं एक पान फाडलं.

"बोल," मी म्हटलं. "नाव पूर्ण सांग तुजं."